ठरवल्याप्रमाणेच चालते आहे

कापडी कांदा माझ्या हातात आला तेव्हा मी म्हणालो, "माझी बायको अजून निघत नाहीये."

दहा-बाराजण गोल करून उभे होते. कुणी खोकलंसुद्धा नाही. सरोज जाऊन पाच महिने झाले होते आणि ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यातले निम्मे तर स्मशानात येऊन गेले होते.

"सिस्टिममधून म्हणताय ना, काका?" तौसीफनं हळूच विचारलं.

"मग आणखी कुठून?"

कांद्याचं आधी सांगतो, नाहीतर माझ्या डोक्यावर परिणाम झाला होता असं वाटेल. आमच्या कंपनीत रोज सकाळी उभ्यानं बैठक व्हायची. बसलं की माणसं लांबण लावतात, म्हणून उभं राहायचं. ज्याच्या हातात कापडी कांदा असेल त्यानंच बोलायचं, म्हणजे एकमेकांचं बोलणं तोडलं जात नाही. कंपनी नाशिकची म्हणून कांदा. दहा मिनिटांची ही बैठक पाऊण तास चालायची आणि ती संपेपर्यंत माझे गुडघे बोलायला लागायचे. पन्नाशी ओलांडलेला त्या गोलात मी एकटाच होतो.

शार्दूलनं हात पुढे केला. मी कांदा त्याच्याकडे टाकला.

"हेमंत," तो म्हणाला, "मला तुमची भावना पूर्ण समजते. पण हा विषय आपण इथे नको घ्यायला. याचं तिकीट आहे ना?"

"तू आज सकाळीच बंद केलंस."

"कारण सिस्टिम ठरवल्याप्रमाणेच चालते आहे."

कांदा पुढच्या मुलीकडे गेला आणि ती कुठल्याशा बटणाच्या रंगाविषयी बोलू लागली.

आमची कंपनी फार लहान नव्हती आणि मोठीही नव्हती. लहान असती तर मालकाच्या टेबलापाशी जाऊन काम झालं असतं. मोठी असती तर असल्या कामासाठी एखादं खातं असतं आणि त्या खात्यात कुणी तरी चिडका माणूस बसलेला असता. आमची मधली. मालकाला प्रत्येकाचं नाव माहीत असायचं, पण भेटायला वेळ नसायचा. खाती सगळी होती, पण प्रत्येक खात्यात दीड माणूस. नियम मोठ्या कंपनीचे आणि हट्ट लहान कंपनीचे. कुणाला 'साहेब' म्हणायचं नाही असाही नियम होता, त्यामुळे माझ्या मुलीच्या वयाची पोरं मला 'हेमंत' म्हणायची. तौसीफ एकटा तो नियम मोडायचा. तो सिन्नरचा. बापाच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायला जीभच वळत नाही म्हणायचा.

आम्ही कारखान्यांसाठी 'सोयरा' नावाची सिस्टिम बनवायचो. कामगारांच्या हजेऱ्या, रजा, विमा, सगळं त्यात. तौसीफसारखी मुलं ती लिहायची आणि मी तपासायचो. माझं काम एवढंच, की वापरणारा माणूस कुठे अडेल ते त्याच्याआधी अडून बघायचं. आमच्या कँटीनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलं होतं, 'आपण शिजवतो ते आधी आपण जेवतो.' म्हणजे आमच्या स्वतःच्या हजेऱ्या, रजा आणि विमाही सोयरामध्येच.

विम्यात माझ्याखेरीज दोघांची नावं बसायची. माझी दोन नावं भरलेली होती. सरोज आणि आमची मुलगी ईरा. आता मला माईंचं नाव घालायचं होतं.

माई म्हणजे सरोजची आई. सासरे गेल्यापासून आमच्याकडेच होत्या. सरोज गेल्यावर त्या कुठे जाणार हे मी विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही. सकाळी चहाचे दोन कप व्हायचे, एक त्या घ्यायच्या, एक मी. एवढ्यावर ते ठरलं. त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन दिवाळीच्या आत करा म्हणून सांगितलं होतं, आणि विमा नसेल तर ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं. नावं घालायची-काढायची मुदत वर्षातून एकदाच यायची. ती त्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला संपत होती.

आता अडचण. सोयरामध्ये कुणाचंही नाव विम्यातून काढायचं तर त्या माणसाची संमती लागायची. त्याच्या फोनवर ओटीपी जायचा, तो टाकला की नाव निघायचं. हा नियम चांगला होता. आमच्याच एका ग्राहकाच्या कारखान्यात एकानं घटस्फोटाच्या आधी बायकोचं नाव गुपचूप काढून टाकलं होतं आणि तिला ते कळलं बाळंतपणाला दवाखान्यात गेल्यावर. ते ऐकून शार्दूल दोन दिवस जेवला नव्हता. मग त्यानं हा नियम केला. सोयराच्या या भागाचं काय असावं, काय नसावं, ते तोच ठरवायचा. त्याला कंपनीत बक्षीसही मिळालं. मी घरी सरोजला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "हे बरं केलं तुमच्या पोरानं. माझं मी सांगणार."

ते तिचं नेहमीचं वाक्य होतं. हॉटेलात वेटर माझ्याकडे बघून विचारू लागला की ती म्हणायची, "माझं मी सांगते." मग मी खाणार होतो तेच सांगायची.

तर नियम चांगला, पण मेलेल्या माणसाचं काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

मी तिकीट टाकलं. आमच्याकडे तक्रारीला तिकीट म्हणत. लिहिलं, 'कुटुंबातील व्यक्तीचे निधन झाल्यास नाव कमी करता येत नाही.' तासाभरात शार्दूलनं ते बंद केलं. शेरा, 'ठरवल्याप्रमाणेच चालते आहे.' मी पुन्हा उघडलं. त्यानं पुन्हा बंद केलं. आमच्याकडे हा शेरा फार चालायचा. ग्राहकानं म्हणावं दार उघडत नाही, आपण म्हणावं ती भिंत आहे.

बैठक संपल्यावर मी एचआरच्या मृण्मयीकडे गेलो. पोरगी मनानं चांगली. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आवाज बारीक केला.

"मॅडमचा नंबर बंद केलात का तुम्ही?"

"नाही."

"अरे, मग सोपं आहे की! ओटीपी येईल, टाकून द्या."

"तो तिला येईल."

"हो, पण फोन घरीच आहे ना?"

"फोन घरी आहे. ओटीपी तिला येईल."

मृण्मयीनं एका कागदावर नंबर लिहून दिला. मन मोकळं करायला कंपनीनं एक सेवा घेतली होती, तिचा. "फुकट आहे. कुणाला कळत नाही. नुसती नोंदणी करायची."

मी जागेवर येऊन नोंदणी करायला घेतली. सोयरामधूनच होती. तिनं जवळच्या व्यक्तीचा ओटीपी मागितला. जवळची व्यक्ती म्हणून सरोजचं नाव होतं.

मी ते बंद केलं आणि चहा प्यायला गेलो.

कँटीनमध्ये तौसीफ समोर येऊन बसला. "काका, मी मागच्या बाजूनं एका ओळीत काढू शकतो. पण नोकरी जाईल. तुमची पण जाईल."

ते खरं होतं. आदल्या वर्षी एकानं तसं करून स्वतःच्या रजा वाढवून घेतल्या होत्या आणि तपासायला आलेल्या लोकांच्या ते लक्षात आलं होतं. तेव्हापासून मागच्या दारानं कुणी शिरायचं नाही, मालकानंसुद्धा नाही.

"तू नको काही करूस," मी म्हटलं.

"बरं, मग राग येणार नसेल तर विचारू? ओटीपी टाकायला तुम्हाला काय होतंय?"

"मी ते पान उघडलं होतं रविवारी. तू उघडलंयस कधी?"

"मीच बनवलंय, काका."

"मग वाच एकदा."

तो हसला. आपण बनवलेलं कुणी वाचत नाही.

मंगळवारी तिकीट बंद झालं, मी उघडलं. बुधवारीही तेच. बैठकीत कांदा माझ्याकडे आला की लोक खाली बघायला लागले. मग तो माझ्याकडे यायचाच थांबला, पोरं मला वगळून पुढे टाकायची. मला कुणाचा राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. सगळ्यांचा आला. प्रत्येकजण मला समजून घेत होता आणि काम मात्र एकही जण करत नव्हता. कंपनीनं तर पाच महिन्यांपूर्वी फुलं पाठवली होती, वर चिठ्ठी, 'तुमचे सोयरा कुटुंब.' त्या कुटुंबातून निघायला मात्र ओटीपी लागत नव्हता, नुसता महिनाभर आधी दिलेला राजीनामा पुरत होता.

गुरुवारी संध्याकाळी घरी गेलो तर माई ओट्यापाशी स्टूल घेऊन बसल्या होत्या. उभं राहिलं की त्यांना धाप लागायची. फडताळात डब्यांच्या शेजारी सरोजचा फोन चार्जिंगला लावलेला होता. तो रोज लावायचं काम माईंनी आपल्याकडे घेतलं होतं. का, ते मी विचारलं नव्हतं.

"ईराचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "म्हणते, आजी, माझंच नाव काढायला सांग बाबांना. माझा ओटीपी मी देते."

"मला पण म्हणाली."

"मग? काय ठरवलंत? जी गेली ती ठेवायची आणि जी आहे ती काढायची? हेमंतराव, लोक हसतील."

"मी ईराचं काढणार नाहीये."

"मग माझं राहू द्या. माझं काय, पिकलं पान."

"माई, ते पानबिन काही बोलू नका."

त्यांनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "ती असती तर तिनं आपली जागा मला दिली नसती का?"

"एका मिनिटात दिली असती."

"मग तिच्या वतीनं तुम्ही द्या की. नवरा ना तुम्ही?"

"जागा देता येत नाही, माई. तिथे दुसरंच मागतात."

"काय मागतात?"

मी सांगितलं नाही. ताटं घेतली. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकाला एक होतात. तिला तरी समजवता यायचं."

शुक्रवारी सकाळी त्यांनी डब्याची पिशवी हातात दिली तेव्हा ती जड लागली. आत पोळीच्या डब्याशेजारी रुमालात गुंडाळलेला सरोजचा फोन होता.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "लागला तर."

दुपारी जेवणानंतर तिकीट पुन्हा बंद झालं. मग मी पिशवी घेऊन शार्दूलकडे गेलो. आमच्या काचेच्या खोल्यांना किल्ल्यांची नावं होती. तो 'रामशेज'मध्ये एकटा बसला होता. मी दार लावून घेतलं.

"हेमंत, मला तुमची भावना—"

"भावनेचं मी बोलतच नाहीये. तिकिटाचं बोलतोय. आज शुक्रवार आहे."

"निधनाचा पर्याय आपण घेतोय. पुढच्या तिमाहीत आहे."

"बरं. माईंच्या झडपेला विचारतो तोवर थांबतेस का म्हणून."

त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघा, मी आज एका माणसासाठी संमतीचा नियम सैल केला, तर उद्या कुणीही बायकोला मेलेली दाखवून नाव काढेल. मी हा नियम का केला, तुम्हाला माहितीये."

"माहितीये. म्हणून तर मृत्यूचा दाखला मागा म्हणतोय. आठवडाभर तेच लिहितोय. तू शेवटपर्यंत वाचलंस एकदा तरी?"

"अहो, पण तोवर ओटीपी टाका ना!" तो पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलला. "निम्म्या बायकांचे ओटीपी त्यांचे नवरेच टाकतात. आपल्या दोघांनाही माहितीये हे."

"टाकतात. पण त्या बायका जिवंत असतात. संध्याकाळी घरी गेल्यावर भांडायला."

"मग तुम्हाला पाहिजे तरी काय? आठवडाभर सगळ्या टीमला वेठीला धरलंय तुम्ही! त्या आजींचं ऑपरेशन अडलंय आणि तुम्ही तत्त्व घेऊन बसलाय." त्यानं हात पुढे केला. "द्या तो फोन. मी टाकतो. पाप लागलं तर मला लागू दे."

मी पिशवीतून फोन काढून टेबलावर ठेवला. त्याचा लॅपटॉप माझ्याकडे वळवला, त्यावर माझं पान उघडलं, सरोजच्या नावापुढचं 'वगळा' दाबलं. रुमालात फोन थरथरला. मी लॅपटॉप परत त्याच्याकडे फिरवला.

"टाक. पण आधी वरचं वाक्य मोठ्यानं वाच. तूच लिहिलंयस."

"हेमंत, प्लीज."

"वाच."

तो वाचायला लागला. कुठलाही नियम वाचावा तसा, भरभर. "'मी, सरोज हेमंत वाघचौरे, पूर्ण शुद्धीत व स्वेच्छेने, या कुटुंबातून माझे नाव वगळण्यास...'"

तो थांबला.

"पुढे?"

"'...संमती देते.'"

"ती पूर्ण शुद्धीत होती," मी म्हटलं. "तेवढं बरोबर लिहिलंयस. शेवटच्या दिवसापर्यंत होती. मला म्हणाली, मला जायचं नाहीये हो. डॉक्टरांना म्हणाली. नर्सला म्हणाली. फरशी पुसायला बाई यायची, तिचा हात धरून तिला म्हणाली. जो खोलीत येईल त्याला सांगत होती. तिचं तिनं सांगितलं, शार्दूल. कुणाला काही करता आलं नाही, ते वेगळं. माईंसाठी जागा पाहिजे तर घे. ती तिनं हसत दिली असती. पण ती स्वेच्छेनं गेली, असं मी तिच्या फोनवरून लिहून देणार नाही."

शार्दूल पडद्याकडे बघत बसला. त्याचे हात मांडीवर होते. थोड्या वेळानं पडद्यावर आलं, 'वेळ संपली. ओटीपी पुन्हा पाठवायचा का?'

त्यानं ते बंद केलं.

मग दारावर टकटक झाली. तौसीफ होता, हातात लॅपटॉप उघडाच. काचेतून आम्हाला बघत तो बाहेर किती वेळ उभा होता, देव जाणे.

"मी वाचलं ते पान," तो मला म्हणाला. मग शार्दूलकडे वळला. "मी निधनाचा पर्याय लिहून ठेवलाय. दाखला जोडायचा, एचआरनं बघायचा, मग ओटीपी लागत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. ओरडायचं तर नंतर ओरडा. फक्त एक गोष्ट ठरत नाहीये. निधन केल्यावर नाव कुठं न्यायचं?"

"वगळलेल्यांच्या यादीत," शार्दूल सवयीनं म्हणाला.

"कुठे न्यायचंय?" मी म्हटलं. "आहे तिथंच राहू दे. विम्यातली जागा तेवढी मोकळी कर."

तौसीफनं शार्दूलकडे पाहिलं.

"तसं कर," शार्दूल म्हणाला.

आमच्याकडे नवीन काही चालू करायचं तर मंजुरीच्या दोन खुणा लागायच्या. एक तपासणाऱ्याची, एक शार्दूलची. मी तपासायला बसलो. तौसीफ शेजारी पाय हलवत होता.

"ही तारीख पुढची चालतेय," मी म्हटलं.

"काय?"

"मृत्यूची तारीख पुढच्या महिन्यातली टाकली तरी घेतंय."

"काका! आत्ता हे?"

"आत्ताच. उद्या कुणीतरी सासूला पुढच्या महिन्यात मारून ठेवेल."

शार्दूलला हसू आलं आणि त्यानं ते दाबलं. तौसीफ शिव्या देत दुरुस्त करायला लागला. ते झालं तर दाखल्याचा फोटो आडवा दिसत होता. तेही केलं. मी माझी खूण केली. शार्दूलनं त्याची केली. घड्याळाकडे आम्ही तिघंही बघत नव्हतो, म्हणजे बघतच होतो.

मी माझं पान उघडलं. सरोजच्या नावापुढे आता दोन पर्याय होते. मी 'निधन' घेतलं, तारीख टाकली, दाखला जोडला. मृण्मयीला तौसीफनं आधीच बोलावून ठेवलं होतं, तिनं तिच्या जागेवरून तो मंजूर केला. मी शेवटचं बटण दाबलं.

पडद्यावर वरून रंगीत कागदाचे तुकडे पडायला लागले. लाल, पिवळे, निळे. मधोमध अक्षरं आली, 'अभिनंदन! तुमच्या कुटुंबातील बदल यशस्वी झाला आहे.'

तौसीफनं दोन्ही हात तोंडावर धरले. "या अल्लाह. काका, हे सगळ्या बदलांना येतं. माझ्या लक्षातच..."

शार्दूलचे कान लाल झाले होते.

आणि मला हसू आलं. पाच महिन्यांत आलं नव्हतं ते आलं, आणि आवरेना. ते दोघं घाबरून माझ्याकडे बघत होते. सरोज असती तर तिनं हे गल्लीभर सांगितलं असतं. माझी बायको मेली आणि आमच्या कंपनीनं माझं अभिनंदन केलं. मी डोळे पुसले. तुकडे पडून संपल्यावर खाली तिचं नाव होतं तिथंच दिसत होतं. थोडं फिकं झालेलं, पण पहिल्याच ओळीत. तिच्याखाली ईरा. ईराच्या खाली एक रिकामी ओळ आली होती.

तिथे मी माईंचं नाव घातलं. आता त्यांची संमती. त्यांच्या फोनवर ओटीपी गेला. मी त्यांना फोन लावला.

"माई, एक आकडा आला असेल. सांगा पटकन."

"कसला आकडा?"

"विम्याचा. तुमची संमती आहे म्हणून."

"कशाला संमती? काय लिहिलंय ते आधी वाचून दाखवा."

"माई, सहाला बंद होतंय!"

"मग लवकर वाचा."

मी वाचलं. 'मी, यमुना त्र्यंबक दराडे, या कुटुंबात माझे नाव समाविष्ट करण्यास स्वेच्छेने संमती देते.' शार्दूल टेबलाचा कोपरा धरून उभा होता.

"माई?"

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "घ्या लिहून." आणि त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला, मधे एकदा चष्मा पुसून.

नाव चढलं. पुन्हा रंगीत तुकडे पडले. यावेळी त्यांना कुणाची हरकत नव्हती.

आम्ही खुर्च्यांवर टेकलो. सहा वाजून गेले होते. तेवढ्यात टेबलावर रुमालातला फोन पुन्हा थरथरला. तौसीफनं दचकून बघितलं. मी रुमाल उघडला. सोयराचा मेसेज होता. 'नमस्कार सरोज! तुमच्या नोंदीत बदल झाला आहे. तुमचा अनुभव कसा होता?' खाली पाच रिकामे तारे.

"हे पण राहिलं," तौसीफ रडवेला होऊन म्हणाला. "द्या इकडे, पुसून टाकतो."

"थांब," मी म्हटलं.

आठवडाभर मी तिच्या वतीनं काही बोलायला तयार नव्हतो. पण याचं उत्तर मला माहीत होतं. तिनं ते इतक्या जणांना, इतक्या वेळा माझ्यासमोर सांगितलं होतं. मी पहिल्या ताऱ्यावर बोट ठेवलं. एकच भरला. खाली आलं, 'तुमचे मत आमच्यासाठी मोलाचे आहे.' मी फोन रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला.

माईंचं ऑपरेशन झालं. दिवाळीच्या फराळात मीठ कमी पडल्याचं त्यांनी मला दवाखान्यातल्या खाटेवरूनच ऐकवलं. पुढे सहा वर्षं ऐकवत होत्या. रंगीत तुकडे निधनाच्या पानावरून त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारीच काढले गेले, आणि ग्राहकांच्या कारखान्यांतूनही तो पर्याय चालू झाला.

त्या सोमवारी आणखी एक झालं. कुणी एकच तारा दिला की सोयरा आपोआप तिकीट काढायची, हे आम्ही विसरलो होतो. सकाळच्या बैठकीत ते भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यात वर होतं. 'ग्राहक असमाधानी. नाव: सरोज वाघचौरे. जबाबदारी: शार्दूल.' कांदा शार्दूलच्या हातात होता. त्यानं ते वाचलं. बंद करायला त्याला एक शेरा पुरला असता, तो शेरा त्याच्या बोटांना पाठ होता. त्यानं तो न लिहिता कांदा माझ्याकडे टाकला. पोरं मला वगळायला लागल्यापासून पहिल्यांदाच तो माझ्याकडे आला होता.

मी निवृत्त झालो त्या दिवशी, निघण्याआधी, सहज म्हणून ते तिकीट शोधून काढलं. शार्दूल तोवर बढती मिळून वर गेला होता आणि जुनी तिकिटं दर वर्षी साफ केली जायची.

ते उघडंच होतं.